फाईल अडकली तर ह्या मामांकडं जावा, फक्त घाईत असाल तर नको

राजारामपुरीतल्या कॉम्प्युटर-नेट दुरुस्तीवाल्या मामांना चार स्टार देतोय. पाचवा का कापला ते खाली येईलच.

माझं कोल्हापुरात गंगावेशीत फ्लेक्सचं दुकान आहे. गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस म्हणजे आमचा सिझन, मंडळं तालमी सगळ्यांना बोर्ड एकदमच पाहिजे असतात आणि काल सांगून आज पाहिजे असतात. सगळा कारभार व्हॉट्सअ‍ॅपवर. पार्टी फोटो आणि नावं टाकणार, आम्ही प्रूफ पाठवणार, मग "अध्यक्षांचा फोटो जरा मोठा घ्या" म्हणून येणार, परत प्रूफ. आणि नेमकं तेव्हाच कॉम्प्युटरवरनं फाईल जायची बंद झाली. मेसेज जातोय, समोरनं "ओके भावा" पण येतंय, पण पीडीएफ टाकली की तो गोल फिरतोय फिरतोय आणि शेवटी परत पाठवा म्हणून बाण दाखवतोय.

जो तो म्हणायला लागला फाईल मोठी असंल, बारीक करा. ८ एमबीची १ एमबी केली, तरी तेच. मग ओळखीच्या एका पोराला बोलावलं, नाव घेत नाही, त्यानं काही न बघता "विंडोज गेलंय दादा" म्हणून फॉरमॅट मारला. डिझाईनचं कोरल सॉफ्टवेअर परत टाकावं लागलं, किती वर्षं जमवलेले मराठी फॉन्ट गेले ते गेलेच, आणि संध्याकाळी पीडीएफ टाकली तर गोल आपला तसाच फिरतोय. नेटवाल्याला फोन केला, तो म्हणतोय आमच्याकडनं सगळं ओके दाखवतंय. यूट्यूब तर खरंच मस्त चालत होतं, भांडायचं तरी कशावरनं.

मग एका पार्टीनंच राजारामपुरीतल्या ह्या दुकानाचं सांगितलं. मामांनी फोनवरच विचारायला सुरुवात केली. नुसता मेसेज जातोय का? जातोय. बारीक फोटो जातोय का? तो पण नाही. मग म्हणाले, साईजचा विषय सोडा, २०२२ पासनं व्हॉट्सअ‍ॅपवर २ जीबीपर्यंत डॉक्युमेंट जातंय, तुमच्या ८ एमबीला कोण अडवणार. आता मोबाईल दुकानाच्या वायफायला लावा आणि त्याच्यावरनं एक फोटो टाका. टाकला, तिथं पण गोल. आता वायफाय बंद करून मोबाईलच्या नेटवर टाका. टाकला, सेकंदात गेला. "मग दादा, विंडोजचा काय संबंध?" असं म्हणाले आणि मला माझे फॉन्ट आठवले.

उद्या अकराला येतो म्हणाले, आले रात्री आठला. पाचवा स्टार हितं गेला. दिवसभर मी पेनड्राईव्ह घेऊन पोराला मंडळामंडळात पळवत होतो.

पण आल्यावरचं काम बघण्यासारखं होतं. काळी खिडकी उघडली, पिंग म्हणून कमांड मारली, म्हणजे एक पाकीट पाठवून उत्तर येतंय का बघायचं, त्याचे तुकडे करायचे नाहीत असं त्यातच सांगून साईज दिली १४७२. चार वेळा "रिक्वेस्ट टाइम्ड आऊट". तीच कमांड १४६४ करून मारली तर चारी वेळा उत्तर. मला म्हणाले बघा, सापडलं. मला काय डोंबल कळणार! मग त्यांनी समजावलं ते असं, की नेटवरनं जाणारं प्रत्येक पाकीट जास्तीत जास्त १५०० बाइटचं असतंय, पण आमच्या लाईनला नेट जोडायला जे पीपीपीओई नावाचं लॉगिन लागतंय ते त्यातले ८ स्वतःला ठेवतंय, राहिले १४९२. पिंगचं स्वतःचं वेष्टन २८ चं, ते काढलं की १४६४. आमच्या राऊटरमध्ये १५०० च टाकून ठेवलेलं, राऊटर मागच्या महिन्यातच बदलून दिलेला. "उसाची ट्रॉली भरून कमानीखालनं घालायची म्हटल्यावर काय होणार? मोटरसायकल जाती, ट्रॉली अडकती, आणि माल कमी भरा म्हणून मागं निरोप द्यायला तिथं कोण उभंच नाही." तुमचा मेसेज म्हणजे मोटरसायकल, म्हणाले.

राऊटरमध्ये एमटीयू म्हणून एक खाना असतोय, म्हणजे पाकीट जास्तीत जास्त केवढं ते, तिथं १५०० चं १४९२ केलं, राऊटर बंद चालू केला. पीडीएफ टाकली, गोल एकदा फिरला आणि टिक. एवढ्याला सगळी मिळून वीस मिनिटं, त्यातली पंधरा राऊटरचा पासवर्ड शोधण्यात, तो राऊटरच्याच मागं भिंतीकडं चिकटवलेला होता.

राऊटर चालू होईपर्यंत मामांचं पुराण झालं, पूर्वी त्यांचा नेट कॅफे होता. तेव्हा याहूवर, एमएसएनवर फाईल पाठवायची तर दोघंही ऑनलाईन बसून पाहिजेत, फाईल थेट ह्या कॉम्प्युटरवरनं त्या कॉम्प्युटरवर जायची, आणि फायरवॉलनं दार लावलेलं असलं की बोंबला. एमएसएनला ६८९१ ते ६९०० अशी दहा दारं उघडून द्यावी लागायची, एका फाईलला एक. आता फाईल आधी कंपनीच्या सर्व्हरवर जाती, तिथनं समोरचा उचलतोय, म्हणून ती दारांची भानगड मिटली. याहू मेसेंजर १७ जुलै २०१८ ला बंद झाला, ती तारीख त्यांना अजून पाठ आहे. बोलतात लई, एवढं सांगून ठेवतो.

जाता जाता मी दुसरी तक्रार काढली. एक पार्टी लग्नपत्रिकेची फाईल पाठवतीय आणि आमचा अँटिव्हायरस ती गिळतोय, तेवढा बंद करून द्या. नाही म्हणाले, सरळ नाही. अँटिव्हायरसनं बाजूला काढून ठेवलेल्या फायलींची यादी उघडली आणि मला नावाचा शेवट वाचायला लावला. लग्नपत्रिका डॉट एपीके. "पत्रिका पीडीएफ असती, जेपीजी असती, कोरलची सीडीआर असती. एपीके म्हणजे मोबाईलचं अ‍ॅप. फाईलचं आडनाव बघत जावा." हे कॉम्प्युटरवर चालणार नाही पण मोबाईलवर इन्स्टॉल केलं की मेसेज वाचतंय, ओटीपी पण, आणि खातं साफ. २०२४ मध्ये पोलिसांनी ह्या खोट्या पत्रिकांबद्दल लोकांना सावध केलेलं. पण नंबर तर ओळखीचा होता म्हणून मी त्या गृहस्थांना फोन लावला, तर ते म्हणतात आमच्यात लग्नच नाही, माझाच फोन दोन दिवस झाले कायतरी करतोय. मी ती फाईल मोबाईलवर उघडून बघणारच होतो बरं का, दुपारपासनं मनात होतं.

चारशे रुपये घेतले. बिल मागितलं तर डायरीचं पान फाडून दिलं, जीएसटीवाल्यांनी आधी बोलून घ्या. दुपारी दुकान बंद असतंय, फोन सहसा उचलत नाहीत, व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलेलं मात्र बघतात. दुकान सापडायला जरा अवघड आहे कारण त्यांचा बोर्ड उन्हानं पार पांढरा पडलाय. मी म्हटलं नवीन फ्लेक्स मी करून देतो, पैसे नकोत, फक्त लोगोची फाईल डॉक्युमेंट म्हणून टाका, फोटो म्हणून टाकला तर व्हॉट्सअ‍ॅप त्याचा पार चेंदा करतंय. काल रात्री त्यांनी लोगो पाठवला. फोटो म्हणूनच, ४० केबी.