वारेतलं अल्कलाइन फॉस्फटेज: ब्युटेनॉलने काढावं की ट्रायटनने?

बेळगाव, चिकोडी, निपाणीकडच्या कॉलेजच्या लॅबमध्ये पेशीच्या पटलाला (मेम्ब्रेनला) चिकटलेलं मानवी एन्झाइम शुद्ध करायचं, तर वारेइतका हाताशी असलेला माल दुसरा नाही. एक वार साधारण अर्धा किलो भरते. नीतिसमितीची परवानगी आणि आईची सही आधी घ्या. संमतीपत्र कन्नड आणि मराठी, दोन्हींत हवं. प्रसूतिकक्षातल्या सिस्टरना बजावून ठेवा: फॉर्मॅलिन नको, बर्फ.

वारेतलं अल्कलाइन फॉस्फटेज पटलात आरपार रुतलेलं नसतं. जीपीआय नावाच्या लिपिडच्या नांगराने (अँकरने) ते बाहेरून अडकलेलं असतं, आणि पद्धत निवडायची ती या नांगराकडे बघून.

ब्युटेनॉलला अल्ट्रासेंट्रिफ्यूज (अतिवेगाने फिरवणारं महागडं यंत्र) लागत नाही. थंड ०.९ टक्के सलाइनने रक्त जाईपर्यंत धुतलेले १०० ग्रॅम तुकडे २०० मिलि ट्रिस बफरमध्ये (१० मिलिमोलर, सोबत १ मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड) मिक्सरला लावा. अॅसेटिक अॅसिडने पीएच ५.५ करा, दर १०० मिलिला ४० मिलि ब्युटेनॉल थेंबथेंब सोडा, दोन तास ढवळा, मग १०,००० जीवर (गुरुत्वाकर्षणाच्या १०,००० पट) अर्धा तास सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवा. नळीत तीन थर दिसतात: वर ब्युटेनॉल, मध्ये मळकट पांढरी चिवट साय, खाली पाणी. एन्झाइम पाण्यात. साय न हलवता पिपेट खालपर्यंत न्या, पाणी ओढा आणि पीएच लगेच ७.५ वर आणा. मग ६५ अंशांवर १० मिनिटं ठेवलं की बाकीची बरीच प्रथिनं नासलेल्या दुधासारखी फुटतात. हे एन्झाइम टिकतं. म्हणूनच मध्ये तासभर लाइट गेली तरी माल वाया जात नाही.

पीएच मात्र चुकवू नका. ५.५ला ऊतीतलंच दुसरं एन्झाइम नांगर कापतं आणि सुटा, विरघळणारा रेणू मिळतो. ८.५ला नांगर तसाच राहतो, रेणू एकमेकांना चिकटतात आणि रेणू आकारानुसार वेगळे करणाऱ्या जेल कॉलममधून सुरुवातीलाच गठ्ठ्याने बाहेर पडतात. ब्युटेनॉल पेट घेतं. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात हीटरजवळ नकोच.

ट्रायटन एक्स-१०० हे डिटर्जंट नांगर शाबूत ठेवतं. पण बर्फावर १ टक्का ट्रायटन घातलं तर बरंचसं एन्झाइम गाळातच राहतं, कारण ते कोलेस्टेरॉलच्या घट्ट बेटांत बसलेलं असतं आणि ती बेटं थंडीत विरघळत नाहीत. काढणी ३७ अंशांवर करा, किंवा ६० मिलिमोलर ऑक्टिल ग्लुकोसाइड हे दुसरं डिटर्जंट वापरा. विरघळलं असं म्हणायचं, तर १,००,००० जीवर तासभर फिरवूनही ते वरच्या द्रावात राहायला हवं. शिवाय प्रथिनांसारखंच ट्रायटनही २८० नॅनोमीटरला प्रकाश शोषतं, त्यामुळे कॉलमचा आलेख फसवतो. प्रथिन बीसीए या रंगाच्या चाचणीने मोजा.

फक्त गतिकी (एन्झाइमच्या कामाचा वेग) मोजायची असेल तर डोळे झाकून ब्युटेनॉल. नांगराचाच अभ्यास असेल तर ट्रायटनचा त्रास सोसा. सोडियम-पोटॅशियम एटीपेजसारख्या आरपार एन्झाइमला ब्युटेनॉल लावू नका, मरतं ते.

दोन्ही वाटांवर ईडीटीए आणि फॉस्फेट बफर वर्ज्य. पहिलं एन्झाइमला लागणारं जस्त आणि मॅग्नेशियम काढून घेतं, दुसरं सक्रिय जागा अडवतं. मग एन्झाइमच्या चाचणीत ४०५ नॅनोमीटरला मोजायचा पिवळा रंग फिका आला की दोष उगाच वारेला जातो.