मालभरणीचे नियोजन करणारे सॉफ्टवेअर: आठ महिन्यांच्या वापरानंतर

आठ महिन्यांपूर्वीपर्यंत कंटेनरमध्ये किती माल बसेल याचा हिशेब मी एक्सेलवर करीत असे. खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची यांचा गुणाकार करायचा, त्याला नगांच्या संख्येने गुणायचे आणि आलेले घनमीटर, म्हणजे आमच्या रोजच्या बोलण्यातले सीबीएम, कंटेनरच्या आकारमानातून अंदाजाने पंधरा टक्के वजा करून उरलेल्या आकड्याशी ताडून पाहायचे, एवढीच ती पद्धत होती. बहुतेक वेळा ती चालून जाई. जेव्हा चालत नसे तेव्हा दार लावायच्या वेळी वीस-पंचवीस खोकी गोडाऊनच्या फरशीवर उरत आणि पॅकिंग लिस्ट नव्याने करावी लागे. या त्रासाला कंटाळून आम्ही मालाची त्रिमितीय मांडणी काढून देणारे सॉफ्टवेअर वार्षिक वर्गणीवर घेतले. त्याचे नाव मुद्दाम देत नाही, कारण खरेदीपूर्वी चाचणीसाठी वापरलेली आणखी दोन सॉफ्टवेअरही गुणदोषांत साधारण अशीच होती.

पहिल्याच आठवड्यात जे कळले ते असे की, सीबीएम हा भाडे आकारण्यासाठी उपयोगी आकडा असला तरी माल बसवण्यासाठी तो फारसा कामाचा नाही. आमचे सर्वाधिक जाणारे खोके ६० × ४० × ३५ सेंटिमीटरचे होते, म्हणजे ०.०८४ घनमीटरचे. वीस फुटी कंटेनर आतून साधारण ५८९ × २३५ × २३९ सेंटिमीटर असतो, म्हणजे ३३ घनमीटरांहून किंचित अधिक. नुसता भागाकार केला तर ३९३ खोकी बसायला हवीत. सॉफ्टवेअरने मात्र तळाच्या एका थरात ५१ खोकी आणि असे सहा थर, म्हणजे ३०६ खोकी दाखवली, आणि प्रत्यक्षातही तेवढीच बसली. ही ३०६ खोकी कंटेनरच्या आकारमानाचा जेमतेम ७८ टक्के भाग व्यापतात. माझी पंधरा टक्क्यांची वजावट इथे थेट खोटी ठरली.

उरलेली जागा कुठे गेली हे पडद्यावरच्या चित्रात स्पष्ट दिसत होते. रुंदीत तीन खोकी ६० सेंटिमीटरच्या आणि एक ४० सेंटिमीटरच्या बाजूने ठेवल्यावर १५ सेंटिमीटर उरत होते, आणि सहाव्या थराच्या वर तब्बल २९ सेंटिमीटरची पोकळी सबंध लांबीभर मोकळी राहत होती. ते चित्र पाहून मी एक खोके उघडले, तेव्हा आत वस्तूच्या वर तीन-साडेतीन सेंटिमीटर जागा चुरगळलेल्या कागदाने भरलेली होती. कंटेनरच्या आत २३९ सेंटिमीटर उंची असली तरी साध्या कंटेनरच्या दाराची उंची सुमारे २२८ सेंटिमीटरच असते, त्यामुळे दारालगतच्या शेवटच्या रांगेत त्याहून उंच थप्पी सरकवता येत नाही. म्हणून सातवा थर बसवायला खोक्याची उंची ३३ ची करून भागणार नव्हते, ३२ चीच करावी लागणार होती. ३२ सेंटिमीटरचे सात थर २२४ मध्ये बसतात. पॅकिंग विभागाने कुरकुर करत का होईना, साचा बदलला. त्याच कंटेनरमध्ये आता ३५७ खोकी जातात, म्हणजे प्रत्येक खेपेला ५१ अधिक. सॉफ्टवेअरची वर्गणी वसूल झाली ती या एका बदलाने. बाकीच्या साऱ्या सोयी त्यानंतरच्या.

याच बदलाचा दुसरा फायदा हवाई मालाच्या बिलात दिसला. हवाई वाहतुकीत घनसेंटिमीटरला ६००० ने भागून आकारमान-वजन काढतात आणि ते प्रत्यक्ष वजनाहून अधिक असेल तर त्यावरच भाडे लागते. आमचे खोके भरून ९ किलोचे, पण जुन्या मापाने त्याचे आकारमान-वजन १४ किलो होई. नव्या मापाने ते १२.८ किलो झाले. बऱ्याच कुरिअर सेवा ५००० ने भागतात, तिथे १६.८ चे १५.३६ झाले. समुद्रमार्गे सुट्या मालासाठी एक घनमीटर म्हणजे एक टन असा हिशेब असल्याने आमच्यासारख्या हलक्या मालाला घनमीटरच मोजावे लागते. हे सर्व भाजक सॉफ्टवेअरमध्ये एकदा भरून ठेवता येतात, ही सोय साधी पण रोज उपयोगी पडणारी आहे.

आता तक्रारींकडे वळतो, आणि पहिली तक्रार खरे तर निम्मी माझ्याचविरुद्ध आहे. दुसऱ्या महिन्यात ४७ सेंटिमीटर रुंदीच्या खोक्यांची एक ऑर्डर आली. पाच गुणिले ४७ म्हणजे बरोबर २३५, म्हणजेच कंटेनरची आतील रुंदी. पडद्यावर पाच खोक्यांच्या रांगा अशा चपखल बसल्या होत्या की मी त्या मांडणीची छापील प्रत तशीच मुकादमांकडे दिली. त्यांनी कागद पाहून एवढेच विचारले, ‘साहेब, पाचवं खोकं ठोकून बसवायचं का?’ भरलेले खोके पोटात फुगते, कंटेनरच्या भिंतीला कुठे कुठे आत आलेले पोचे असतात, आणि हात घालून खोके सरकवायलाही थोडी फट लागते. पाचवे खोके एकाही रांगेत बसले नाही. सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक नगाला जादा माप देण्याची सोय होती, पण ती शून्यावर ठेवलेली होती आणि मी ती पाहिलेलीच नव्हती. तेव्हापासून प्रत्येक बाजूला अर्धा सेंटिमीटर धरतो, आणि माप पुरवठादाराच्या कागदावरून न घेता भरलेल्या दहा खोक्यांवर टेप लावून सर्वांत मोठे घेतो.

पॅलेटच्या बाबतीत मात्र या सॉफ्टवेअरने आमच्या अनुभवी लोकांनाही चकित केले. १२० × १०० सेंटिमीटरचे पॅलेट वीस फुटी कंटेनरमध्ये आम्ही नेहमी नऊ भरत असू: एका बाजूला पाच आणि दुसऱ्या बाजूला चार. सॉफ्टवेअरने चार-चार पॅलेटचे फिरकीसारखे दोन चौक केले, ज्यांत प्रत्येक पॅलेट शेजारच्याशी काटकोनात असते आणि मधोमध वीतभर चौकोनी भोक राहते. असे दोन चौक ४४० सेंटिमीटर लांबीत बसवून दाराशी दोन पॅलेट लांबीच्या दिशेने ठेवले. एकूण दहा. फोर्कलिफ्ट चालकाला पहिल्या खेपेला ही मांडणी जमवायला नेहमीपेक्षा बराच वेळ लागला, आता लागत नाही. अर्थात पॅलेटची स्वतःची उंची आणि दारातून जाताना ते उचलण्यासाठी लागणारी जागा धरली तर वरचा एक थर जातोच. तो तोटा आणि हाताने भरण्याची मजुरी यांची तुलना ज्याची त्याने करावी.

वजनाच्या वाटणीबाबत अधिक सावध राहावे लागते. बहुतेक अशी सॉफ्टवेअरे मोठे नग आधी आणि सर्वांत आतल्या भिंतीपासून लावत येतात. यंत्रांच्या दोन जड पेट्या आणि बाकी हलकी खोकी अशी एक खेप होती. दोन्ही पेट्या त्या आतल्या भिंतीला चिकटल्या आणि जवळजवळ सारे वजन आतल्या एक तृतीयांश भागात आले. कंटेनर भरण्याविषयी आंतरराष्ट्रीय सागरी संघटना आणि तिच्या सहयोगी संस्थांनी २०१४ मध्ये स्वीकारलेल्या संहितेप्रमाणे गुरुत्वमध्य सर्वसाधारणपणे मध्यापासून लांबीच्या पाच टक्क्यांहून दूर जाऊ नये, म्हणजे वीस फुटी कंटेनरमध्ये सुमारे ३० सेंटिमीटर. सॉफ्टवेअर हा बिंदू दाखवते, पण त्याची सूचना आपण होऊन चालू करावी लागते, हे मला न पटणारे आहे. १ जुलै २०१६ पासून जहाजावर चढवण्यापूर्वी कंटेनरचे पडताळलेले एकूण वजन देणे बंधनकारक आहे. त्यासाठी सॉफ्टवेअरची बेरीज आयती मिळते, मात्र पॅलेट, लाकडी टेकू, पट्टे आणि रिकाम्या कंटेनरचे वजन त्यात धरले आहे की नाही ते प्रत्येक वेळी तपासावे लागते.

थप्पीच्या मजबुतीबद्दल त्याला जवळजवळ काहीच कळत नाही. ‘वर किती किलो चालतील’ एवढा एक आकडा ते विचारते. परंतु पुठ्ठ्याच्या खोक्याची ताकद मुख्यतः कोपऱ्यांत असते. कोपऱ्यावर कोपरा आला तर थप्पी टिकते, आणि विटांसारखी सांधे मोडून रचली तर ती डोलत नसली तरी तिची भार पेलण्याची क्षमता बरीच घटते. दमट हवेत पुठ्ठा आणखी मऊ पडतो. सॉफ्टवेअर जागा वाचवण्यासाठी थरागणिक दिशा बदलू पाहते, ती मुभा मी कायमची बंद केली आहे. सहाचे सात थर केल्यावर तळच्या खोक्यावरचा भार ४५ वरून ५४ किलोंवर गेला, तेव्हा नवे खोके प्रत्यक्ष भार देऊन तपासले आणि मगच पाठवू लागलो.

मिश्र मालात त्याची दमछाक होते. दहा-बारा आकारांची खोकी असली की शक्य मांडण्यांची संख्या इतकी फुगते की सर्वोत्तम मांडणी व्यवहार्य वेळेत शोधून काढणे कोणत्याही संगणकाला कठीण जाते. ही सॉफ्टवेअरे ठोकताळ्यांवर चालतात आणि ‘पुरेशी चांगली’ मांडणी देऊन थांबतात. तीच यादी मी दोनदा, दुसऱ्यांदा अधिक वेळ देऊन चालवली, तेव्हा नऊ खोकी जास्त बसली. दोन-तीन ठिकाणी उतरवायचा माल असेल तर शेवटी उतरणारा आत हा क्रम ते पाळते, पण मग भरणीची टक्केवारी स्पष्टपणे खाली येते. ट्रकसाठी अशा वेळी मी मुकादमांना आधी विचारतो आणि सॉफ्टवेअरला नंतर.

छापील आराखडा रंगीत न घेता थरवार आणि क्रमांकांसह घ्यावा, कारण कंटेनरच्या आतल्या अंधुक उजेडात निळा आणि जांभळा एकसारखेच दिसतात. वर्गणी आम्ही पुढच्या वर्षासाठी भरली आहे, मात्र तीन जणांऐवजी एकाच्याच नावावर. उरलेले दोघे माप घेण्याच्या कामावर आहेत.