दहावीनंतर नेटवर्किंग: आयटीआय, डिप्लोमा की खासगी क्लास?

नेटवर्किंग शिकायचं ठरवलेल्या दहावीच्या मुलापुढे सोलापुरात मुख्यतः तीन वाटा असतात. आयटीआय, पॉलिटेक्निकचा डिप्लोमा, नाहीतर अकरावी-बारावी करता करता खासगी क्लासमध्ये सीसीएनए, म्हणजे सिस्को कंपनीचं नेटवर्किंगचं प्रमाणपत्र. फी किती आणि वर्षं किती, हे सगळेच विचारतात. त्याआधी एक विचारा: क्रिम्पिंग टूल (केबलला कनेक्टर बसवायची पक्कड), स्विच (कॉम्प्युटर एकमेकांना जोडणारी पेटी) आणि राउटर (एक नेटवर्क दुसऱ्याला जोडणारी पेटी) मुलाच्या स्वतःच्या हातात आठवड्याला किती तास येणार?

आयटीआयमध्ये ट्रेडच्या नावावरून गफलत होते. कोपा (कॉम्प्युटर ऑपरेटर अँड प्रोग्रामिंग असिस्टंट) हा एक वर्षाचा ट्रेड कॉम्प्युटरचा खरा, पण त्याचा भर ऑफिस सॉफ्टवेअर आणि वेबवर असतो, नेटवर्किंग थोडंच. नेटवर्किंगच हवं असेल तर ‘कॉम्प्युटर हार्डवेअर अँड नेटवर्क मेंटेनन्स’ (1 वर्ष) किंवा ‘इन्फर्मेशन कम्युनिकेशन टेक्नॉलॉजी सिस्टिम मेंटेनन्स’ (2 वर्षं) शोधा. प्रत्येक आयटीआयत हे ट्रेड असतीलच असं नाही, त्यामुळे ऑनलाइन विकल्प भरण्याआधी संस्थेची ट्रेडची यादी पाहा. आमचा कल 2 वर्षांच्या ट्रेडकडे आहे, कारण दहावीनंतर तो पूर्ण केला की डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. पुढची वाट बंद होत नाही.

आयटीआयची खरी कमाई म्हणजे हाताचं वळण. ते किती लागतं, हे एका केबलवरून कळेल. नेटवर्क केबलच्या टोकाला बसणाऱ्या आरजे-45 कनेक्टरला पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी असा क्रम लावतात. नवखा मुलगा दोन्ही टोकांना सरळ जोडीजोडीनं तारा लावतो: केशरीची जोडी, हिरव्याची जोडी, मग निळ्याची. टेस्टरचे आठही दिवे ओळीनं लागतात आणि केबल चांगली समजून तो पुढं जातो. प्रत्यक्षात 3 आणि 6 या पिनांवर एकाच पिळाची जोडी जायला हवी, ती इथं फुटलेली असते. पीळ नाही म्हणून सिग्नल एकमेकांत मिसळतात. छोटी केबल चालून जाते, लांब केबलवर मात्र लिंक तुटत राहते. साधा टेस्टर ही चूक दाखवतच नाही, ती डोळ्यांनीच धरावी लागते. एका मुलानं शंभरेक टोकं स्वतः मारली की नजर बसते.

कॅमेऱ्यांच्या कामातही असंच. स्वस्त केबलमध्ये तांब्याऐवजी तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम असतं. त्यावरून वीजही पाठवली, तर दिवसा नीट चालणारा कॅमेरा रात्री इन्फ्रारेड दिवे लागल्यावर बंद पडतो, कारण करंट वाढतो आणि लांब तारेत व्होल्टेज गळतं. यंत्रमागाच्या शेडमध्ये रुई स्विचच्या पंख्यात अडकते आणि चाळिशीपार उन्हाळ्यात बंद पेटीतला स्विच तापून हँग होतो. सोलापुरात काम करणाऱ्याला हे आलंच पाहिजे.

डिप्लोमा 3 वर्षांचा. कॉम्प्युटर शाखेत नेटवर्किंगचे मोजके विषय असतात, उरलेला मोठा भाग प्रोग्रामिंग आणि डेटाबेसचा. गणिताची आवड असलेल्याला हीच वाट चांगली, कारण ‘का’ इथं शिकवतात. उदाहरणार्थ, 70 कॉम्प्युटरच्या ऑफिसला /26 चा सबनेट (नेटवर्क पत्त्यांचा गट) दिला तर 62 पत्तेच मिळतात, त्यातला एक राउटरला जातो आणि उरलेल्या 9 जणांची तक्रार येते. /25 घेतला की 126 पत्ते मिळतात. पुढं इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाचा मार्गही मोकळा राहतो.

आता क्लास. सीसीएनएची 200-301 परीक्षा 120 मिनिटांची, फी 300 डॉलर अधिक कर. प्रमाणपत्र 3 वर्षंच टिकतं, आणि ही बाब पालकांना सहसा कुणी सांगत नाही. सोळाव्या वर्षी पास झालेल्याचं प्रमाणपत्र एकोणिसाव्या वर्षी, म्हणजे नेमकं नोकरीच्या तोंडावर संपतं. अभ्यास आत्ता करा, परीक्षा शेवटच्या वर्षात द्या. सरावासाठी सिस्कोच्या नेटवर्किंग अकादमीत खातं उघडलं की पॅकेट ट्रेसर हे कॉम्प्युटरवरच खोटं नेटवर्क उभारायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. व्हीएलएएन (एका स्विचवर वेगवेगळी नेटवर्क), राउटिंग (डेटाची वाट ठरवणं), एसीएल (कुणाला वाट द्यायची याचे नियम) त्यावर उत्तम जमतात. मात्र त्यात केबल कधी चुकीची क्रिंप होत नाही आणि स्विच कधी तापत नाही. म्हणून एकटा क्लास, तोही फक्त पॅकेट ट्रेसरवरचा, आम्ही सुचवणार नाही. आयटीआय किंवा डिप्लोमाच्या जोडीला तो घ्यावा.

घरी लवकर पैसा यायला हवा असेल तर 2 वर्षांचा ट्रेड घ्या. तीन वर्षं थांबता येत असेल आणि गणित नकोसं वाटत नसेल तर डिप्लोमा. कुठंही प्रवेश घेण्याआधी लॅब उघडून दाखवायला सांगा. एका बॅचमागे खरे स्विच किती, कन्सोल केबल (लॅपटॉपवरून स्विचची सेटिंग करायची केबल) किती, विद्यार्थ्यांनी कापलेल्या केबलचे तुकडे कुठं पडलेत ते बघा. 305 मीटरचं केबलचं खोकं सीलबंद आणि रॅकवर धूळ दिसली, तर पुढची संस्था बघा.