चिंचोके की क्यूआर कोड?

यवतमाळकडच्या आमच्या जिल्हा परिषद शाळेत दशक-एकक मी दोन्ही वाटांनी शिकवते. एक, जमिनीवर बसून चिंचोके. दुसरी, पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करून २०१७ पासून असलेल्या 'दीक्षा' या सरकारी शिक्षण-ॲपवरचा व्हिडिओ.

चिंचोक्यांत पोरगं दहाचा ढीग स्वतः करतं, चुकतं, शेजारचं पोरगं म्हणतं, "अबे, नऊच झाले!" थोडं पुढे असलेल्याच्या मदतीनं मूल आवाक्यापलीकडचं शिकतं, हे मानसशास्त्रज्ञ वायगॉट्स्की यांचं म्हणणं मला इथंच दिसतं. व्हिडिओला ती चूक दिसत नाही.

पण कापूस वेचणीत आठवडाभर शाळा बुडालेल्या मुलीला तोच धडा रात्री तीनदा ऐकता येतो, हे फार मोठं आहे. आणि ज्वालामुखी चिंचोक्यांनी कसा दाखवणार? २००५ च्या सुमारास शिक्षण-अभ्यासक जॉर्ज सीमेन्स यांनी मांडलं, की डिजिटल काळात शिकणं म्हणजे माणसांशी, माहितीच्या स्रोतांशी जोडलं जाणं. मात्र घरातला एकुलता फोन बापासोबत वावरात जातो, तिथं जोडायचं कशाला?

पहिली-दुसरीला मी चिंचोकेच देईन. वरच्या वर्गांना दोन्ही, व्हिडिओ मध्येच थांबवून, "आता पुढं काय होईल?" असं विचारत.