अपंगत्व निवृत्तिवेतन घेणाऱ्या माजी सैनिकांसाठी आयुर्विमा: काय घ्यावं?

सर्वात सोपी पंतप्रधान जीवनज्योती विमा योजना. वर्षाला 436 रुपये, 2 लाखांचं कवच, वैद्यकीय तपासणी नाही. मात्र प्रवेश पन्नाशीपर्यंतच आणि कवच 55 पर्यंत. पहिल्या 30 दिवसांत अपघात सोडून मृत्यू आला तर दावा मिळत नाही. मेअखेर खात्यात पैसे नसले की हप्ता कटत नाही आणि कवच तुटतं. बीड-लातूरकडे बहुतेक वेळा घोळ इथंच होतो, कारण निवृत्तिवेतन एका बँकेत अन् विमा दुसऱ्या.

जास्त रक्कम हवी तर सरल जीवन विमा, म्हणजे विमा कंपन्यांचा ठरावीक साच्यातला मुदत विमा: 5 ते 25 लाख, प्रवेश वयाच्या 65 पर्यंत. पहिले 45 दिवस फक्त अपघाती मृत्यूचं संरक्षण.

खरी गोम अर्जात आहे. निवृत्तिवेतनासाठी ठरलेली अपंगत्वाची टक्केवारी विमा कंपनी जशीच्या तशी धरत नाही. कानाचं किंवा गुडघ्याचं अपंगत्व फारसं आड येत नाही; रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार असेल तर हप्ता वाढतो किंवा नकार येतो. म्हणून मेडिकल बोर्डाचे (अपंगत्व ठरवणाऱ्या लष्करी डॉक्टरांच्या मंडळाचे) कागद अर्जाला पहिल्यांदाच जोडा. एजंट "लिहू नका" म्हणाला तर एजंटच बदला! तीन वर्षांच्या आत दडवलेला आजार सापडला तर दावा अडतो.

अपंगत्वाचा रायडर, म्हणजे मूळ विम्याला जोडायचं जादा कवच, मला तरी पैसे वाया वाटतो. आधीचं अपंगत्व त्यात सहसा वगळलेलं असतं.

पत्नीचं नाव डिस्चार्ज बुक (सैन्यातून निवृत्त होताना मिळालेलं पुस्तक) आणि आधारवर वेगळं असेल तर ते जुळवून घ्यायला आधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय गाठा.