एक दिवसाचं पिल्लू: डोक्यावरचा ठिपका, लवेचा रंग की पंखाची पिसं?

पिल्लू तलंग (तरुण कोंबडी) होणार की कोंबडा, हे गुदद्वार तपासून सांगणाऱ्याच्या हाताला खूप सराव लागतो. नवख्याच्या बोटांनी पिल्लू दगावूही शकतं. त्यापेक्षा जोडीच अशी लावायची, की पिल्लाच्या अंगावरच उत्तर दिसेल. असे चार मार्ग आहेत आणि ते एकमेकांची जागा घेत नाहीत. कोणता घ्यायचा हे ठरवण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारा: दरवर्षी दोन शुद्ध जाती वेगवेगळ्या सांभाळणार आहात, की घरच्याच कळपाची अंडी उबवणार आहात?

चारही मार्गांचा पाया एकच. कोंबड्याकडे झेड गुणसूत्रं दोन, कोंबडीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू. कोंबडीचा झेड फक्त मुलग्यांना जातो. मुलींना त्यांचा एकुलता झेड मिळतो बापाकडून. म्हणून झेडवरचा प्रभावी गुण (एका प्रतीनेही दिसणारा) आईत आणि अप्रभावी (दुसरी प्रत प्रभावी असली की लपणारा) बापात असला, की मुलगे आईच्या वळणावर जातात आणि मुली बापाच्या. उलटी जोडी लावली, म्हणजे शुद्ध प्रभावी कोंबडा आणि अप्रभावी कोंबडी, तर सगळी पिल्लं सारखीच निघतात. नवख्यांची सर्वांत जास्त फसगत इथेच होते.

यात एक सोय आहे, ती सहसा कोणी सांगत नाही. कोंबडीकडे झेड एकच असल्यामुळे तिला त्यावरचा गुण लपवायला दुसरी प्रत नाही, आणि कोंबड्यात अप्रभावी गुण दिसतोय म्हणजे त्याच्या दोन्ही प्रती तशाच आहेत. त्यामुळे योग्य दिशेची जोडी लावताना पट्टे किंवा सोनेरी-चंदेरी रंग यांसाठी वंशावळ तपासावी लागत नाही, डोळ्यांनी दिसतं तेवढं पुरतं. अपवाद पांढऱ्या कोंबड्यांचा. पांढऱ्याखाली काय दडलंय ते दिसत नाही.

पट्टे: सर्वांत सोपी वाट

पट्टेरी प्लायमाउथ रॉकच्या कोंबड्या आणि बिनपट्ट्याचा कोंबडा, म्हणजे ऱ्होड आयलंड रेड किंवा काळा ऑस्ट्रॅलॉर्प. पिल्लं काळी निघतात. ज्याच्या टाळूवर पांढुरका-पिवळट ठिपका असेल तो कोंबडा, डोकं कोरं काळं असेल ती तलंग. पिल्लू पूर्ण वाळल्याशिवाय बघू नका. ओल्या, चिकटलेल्या लवेत ठिपका हरवतो. आणि बघायची ती फक्त टाळू. काळ्या पिल्लांचं पोट आणि पंखांची टोकं एरवीही पांढुरकी असतात. त्यावरून ठरवलं की तलंगा नरांच्या डब्यात जातात.

ऱ्होड आयलंड रेड बाप असेल तर मुली मोठ्या झाल्यावर काळ्या, पण मानेवर आणि छातीवर तांबूस-सोनेरी झाक असलेल्या होतात, कारण सोनेरी रंगाचं जनुकही झेडवरच आहे आणि तेही त्यांना बापाकडूनच येतं. मुलगे पट्टेरी होतात.

ही वाट अडते ती लव फिकट असली की. पिवळ्या लवेवर पिवळट ठिपका दिसणार कसा? म्हणून बफ (पिवळट-बदामी) रंगाचा किंवा प्रभावी पांढऱ्याचं जनुक असलेला बाप इथे चालत नाही. डोक्यावर पिसांचा झुबका असलेल्या जातीही टाळाव्यात.

शुद्ध प्लायमाउथ रॉकमध्येही ठिपक्यावरून अंदाज बांधता येतो. पट्ट्याचं जनुक मात्रेप्रमाणे, म्हणजे प्रती किती आहेत त्याप्रमाणे, काम करतं. कोंबड्यात दोन मात्रा, म्हणून ठिपका मोठा आणि कडा विस्कटलेल्या. कोंबडीत एक, म्हणून ठिपका लहान, आखीव आणि नडग्या पुढून जास्त काळसर. मोठेपणी कोंबडा कोंबडीपेक्षा फिकट दिसतो तोही याचमुळे. पण हा अंदाजच. पिल्लं विकताना त्याच्या भरवशावर शब्द देऊ नये.

सोनेरी-चंदेरी: दिसायला देखणी, पण अटी जास्त

चंदेरी प्रभावी, सोनेरी अप्रभावी. नेहमीची जोडी: ऱ्होड आयलंड रेड कोंबडा आणि लाइट ससेक्स कोंबड्या. मुलगे फिकट पिवळे, मुली तांबूस-बदामी. काही पिल्लांच्या पाठीवर रेघा असतात. त्या सोडून डोक्याचा आणि अंगाचा मूळ रंग बघायचा. दोन ढीग समोर ठेवले की फरक लगेच कळतो, एकटं पिल्लू हातात घेतलं तर कधीकधी मन साशंक होतं. म्हणून सगळी पिल्लं वाळल्यावर एकदमच निवडावीत. वाढलेल्या मुलग्यांच्या खांद्यावर पिवळट झाक येते. तो दोष नव्हे, त्यांच्यात सोनेरीची एक प्रत आहे एवढाच त्याचा अर्थ.

हे जनुक फक्त तांबड्या-पिवळ्या रंगद्रव्यावर काम करतं, काळ्यावर नाही. त्यामुळे पूर्ण काळ्या जातीत चंदेरी असो वा सोनेरी, पिल्लू काळंच. दुसरी नेहमीची चूक पांढऱ्या लेगहॉर्न कोंबड्या वापरण्याची. ‘पांढरी म्हणजे चंदेरी’ असं समीकरण डोक्यात असतं. पण लेगहॉर्नचा पांढरा रंग वेगळ्या, प्रभावी जनुकामुळे येतो आणि तो मुलग्यांइतकाच मुलींनाही मिळतो. हाती येतात ती सगळी सारखीच फिकट पिल्लं.

पंखाची पिसं: रंगाशी देणंघेणं नाही

कळप एकाच रंगाचा हवा असेल, सगळ्या पांढऱ्या किंवा सगळ्या काळ्या, तर हाच मार्ग. पिसं उशिरा फुटण्याचं जनुक प्रभावी आणि झेडवर. लवकर पिसं येणारा कोंबडा, उशिरा येणाऱ्या कोंबड्या. पिल्लाचा पंख उजेडासमोर पंख्यासारखा उलगडायचा. काठाला पिसांच्या दोन रांगा दिसतात. खालच्या रांगेतली पिसं वरच्यांपेक्षा ठळकपणे लांब असतील तर तलंग. दोन्ही सारखी, किंवा वरचीच लांब, तर कोंबडा. हे पहिल्या 24 तासांत उरकावं. पुढे पिसं वाढतात आणि खूण पुसट होते.

गैरसोय दोन. पूर्ण वाढलेल्या पक्ष्याकडे बघून तो लवकर पिसांचा की उशिरा पिसांचा हे कळत नाही. जन्मल्या दिवशी पायात कडी घालून नोंद ठेवली नसेल तर पुढच्या हंगामात जोडी कशी लावणार? आणि उशिरा पिसं फुटण्याच्या जनुकाला बऱ्याच वाणांत एक अंतर्गत विषाणू-जनुक, म्हणजे पक्ष्याच्याच गुणसूत्रात बसलेलं विषाणूचं जनुक, चिकटून येतं. त्यामुळे लिम्फॉइड ल्युकोसिस या कर्करोगासारख्या आजाराच्या विषाणूपुढे अशा कोंबड्यांची पिल्लं कमी टिकाव धरतात. वहीत रोज लिहिण्याची सवय नसेल तर या वाटेला जाऊ नये.

स्वतःच ओळख देणाऱ्या जाती

वरच्या तिन्ही मार्गांत संकरित पिल्लांची पुढची पिढी निरुपयोगी. पट्टेरी मुलगा आणि काळी मुलगी यांची जोडी लावली तर मुलगे निम्मे पट्टेरी, मुलीही निम्म्या पट्टेरी. ठिपक्याला अर्थच उरत नाही. म्हणजे दोन शुद्ध कळप कायम ठेवणं आलं.

यावर केंब्रिजमध्ये पनेट आणि पीज यांनी 1920 च्या दशकाच्या अखेरीपासून तोडगा काढला. हे पनेट म्हणजे आनुवंशिकीच्या पाठातल्या ‘पनेट चौकोना’चे. रेघांच्या तपकिरी लवेवर पट्ट्याचं जनुक आणलं की एका मात्रेची मादी रेघा शाबूत ठेवते, दोन मात्रांच्या नराच्या रेघा पुसट होऊन तो फिकट दिसतो. क्रीम लेगबार ही जात याच पठडीतली. एकच कळप, आणि खूण दर पिढीत.

मात्र नवं रक्त आणायला बिनपट्ट्याची कोंबडी आणली की घडी मोडते. तिचे मुलगेही एकाच मात्रेचे, मुलीही एकाच मात्रेच्या, दोन्ही सारखेच. त्यामुळे नवे पक्षी त्याच जातीचे आणावे लागतात.

निवड करताना

घरच्या अंड्यांवर पिढ्यान्‌पिढ्या चालायचं असेल तर लेगबारसारखी जात. दोन कळप जमत असतील तर पट्टे. तिथे चुकीला जागा सर्वांत कमी, आणि आमचा कौल त्यालाच. सोनेरी-चंदेरी तेव्हा, जेव्हा मुली तांबड्याच हव्यात.

कोंबडा बदलल्यावर निदान 3 आठवडे उबवणीला अंडी ठेवू नका. कोंबडीच्या पोटात आधीच्या नराचं वीर्य दोन-तीन आठवडे टिकतं आणि तो नर पट्टेरी असला तर ठिपक्याच्या पिल्लांत मग तलंगाही निघतात. पहिल्या उबवणीतल्या 20 पिल्लांच्या पायात ओळखीनुसार दोन रंगांच्या कड्या घाला आणि 8 आठवड्यांनी तुरे बघून पडताळा. चूक एखाद-दुसरी असेल तर बघण्यात गडबड आहे. पाच-सहा असतील तर जोडीत.