सूर्य समोर असताना भूत कशाला? ‘सनशाईन’ (२००७)

पुढे कथानक फुटणार आहे. पाहिला नसेल तर आधी १०७ मिनिटं काढा.

डॅनी बॉइलचा ‘सनशाईन’ साधारण सव्वा तास अप्रतिम आहे. त्यानंतर तो दुसराच कुठलातरी सिनेमा होतो. ॲलेक्स गार्लंडची ही पटकथा कादंबरीवर बेतलेली नाही की कुठल्या मालिकेचं शेपूट नाही. साल २०५७. सूर्य विझत चाललाय. तो पुन्हा पेटवायला मॅनहॅटन बेटाएवढ्या वस्तुमानाचा बॉम्ब घेऊन ‘इकॅरस-२’ हे यान निघालंय, आत आठ माणसं. सात वर्षांपूर्वी गेलेलं पहिलं ‘इकॅरस’ परतलेलं नाही.

इथे सूर्याची भीती आकड्यांतून वाढत जाते. यानाचा डॉक्टर सर्ल निरीक्षण-कक्षात बसून सूर्य पाहतो, तेव्हा काचेतून येणारा प्रकाश मूळच्या जेमतेम २ टक्के असतो. अंतर ३.६ कोटी मैल, म्हणजे जवळपास बुधाएवढं. तो ४ टक्के मागतो. संगणक शांतपणे सांगतो की तेवढ्याने डोळ्यांचा पडदा कायमचा जाईल, ३.१ टक्के चालेल, तेही जास्तीत जास्त ३० सेकंद. एवढ्या संवादात सूर्य काय चीज आहे ते कळतं. यानाच्या आत सगळं करडं-निळसर-हिरवट, त्यामुळे बाहेरचा सोनेरी उजेड पडद्यावर आला की अंगावर येतो.

खरी कमाल आहे ती चुकीच्या साखळीची. पहिल्या ‘इकॅरस’चा संकेत मिळतो म्हणून तिकडे वळताना यानाचा दिशादर्शक ट्रे उन्हापासून वाचवणाऱ्या ढालीचा कोन नव्याने बसवायला विसरतो. एवढंच. ढालीचे काही पत्रे जळतात. दुरुस्तीसाठी यान तिरकं करावं लागतं, तर संपर्काचे मनोरे सावलीबाहेर येऊन खलास. त्यांच्यावरून परावर्तित झालेला प्रकाश थेट ऑक्सिजन-बागेत, बाग पेटते. ती विझवायला आणखी ऑक्सिजन सोडून आग एकदाची भडकवून संपवायची, हा उपाय. बाग गेली म्हणजे श्वास गेला, आणि मग हिशोब सुरू होतो की पोहोचेपर्यंत किती जणांना हवा पुरेल. कुणी खलनायक नाही, एक विसरलेला आकडा आहे. बाहेर कप्तान कानेडा शेवटचा पत्रा बसवतोय आणि उन्हाची कड ढालीवरून त्याच्याकडे सरकतेय, हा प्रसंग (संगीत जॉन मर्फी आणि अंडरवर्ल्ड) सगळ्या चित्रपटाचा कळस.

हे काही उगाच रचलेलं नाही. २०१८ साली सुटलेलं नासाचं पार्कर यान सूर्यापासून सुमारे ६१ लाख किलोमीटरवर जाऊन आलं. त्याची ढाल जेमतेम साडेअकरा सेंटीमीटर जाड, आणि तिची सावली सरकली तर यान संपलं. पृथ्वीवरून आज्ञा पोहोचायला काही मिनिटं लागतात, म्हणून सावलीच्या कडेला संवेदक बसवलेत. त्यांच्यावर ऊन पडलं की यान स्वतःच कोन सुधारतं. ट्रेच्या हातात ठेवलेलं काम माणसावर का सोडू नये, याचं याहून नेमकं उत्तर नाही.

विज्ञानाच्या चुका आहेत. सूर्याला अजून सुमारे ५ अब्ज वर्षं इंधन आहे. तो अवेळी का विझतोय यासाठी सल्लागार भौतिकतज्ज्ञ ब्रायन कॉक्स यांनी ‘क्यू-बॉल’ या केवळ सिद्धांतातल्या कण-गोळ्याचं कारण योजलं होतं, पण पडद्यावर त्याचा उच्चार नाही. गाभ्यातली ऊर्जा पृष्ठभागापर्यंत यायला हजारो वर्षं लागतात, त्यामुळे शेवटचा, प्रकाश आठ मिनिटांत पृथ्वीवर पोहोचण्याचा हिशोबही अर्धाच. यानातला हार्वी अवकाशात क्षणात गोठतो, तेही चूक: निर्वातात उष्णता वाहून न्यायला हवाच नसते. थर्मासमधला चहा तासन् तास गरम राहतो, तो याच कारणाने. बिचारा आधी दहा-पंधरा सेकंदांत बेशुद्ध झाला असता. पण या चुका खटकत नाहीत, कारण कथेचा ताण त्यांच्यावर उभा नाही.

खटकतो तो पिनबॅकर. पहिल्या यानाचा भाजलेला, देवाशी बोलणारा कप्तान सुरा घेऊन यानात फिरू लागतो. त्याचं आगमन लाजवाब आहे: चारच माणसं उरलीत असं यानाचा भौतिकतज्ज्ञ कापा धरून चालतो आणि संगणक पाचव्याचा ठावठिकाणा सांगतो. नंतर मात्र पाठलाग, वार, किंकाळ्या. बॉइल त्याला मुद्दाम धूसर, थरथरत्या चौकटीत दाखवतो. कल्पना चांगली, परिणाम वाईट, कारण कोण कुठल्या कक्षात आहे तेच समजेनासं होतं. आणि ज्याच्याकडे साधं बघवत नाही असा सूर्य समोर असताना भीती सुऱ्यावर का ढकलावी? याच भागात यानाचा अभियंता मेस संगणक थंड ठेवणाऱ्या, गोठवणाऱ्या द्रवात उतरून पिनबॅकरने वर उचललेले संगणकाचे भाग हाताने खाली ढकलतो, तेव्हा सिनेमा पुन्हा श्वास घेतो. तिथे पुन्हा एक यंत्र आहे, एक काम आहे आणि वेळ कमी आहे.

किलियन मर्फी, मिशेल यो, हिरोयुकी सानाडा सगळे चोख; ख्रिस एव्हान्स तर अनपेक्षितपणे सगळ्यांत भारी.

फोनवर पाहू नका. खोलीत पूर्ण अंधार करा, टीव्हीचा उजेड कमी करून ठेवला असेल तर वाढवा, नाहीतर करड्यातून सोनेरीत जाण्याची सगळी गंमत जाते. आवाजासाठी हेडफोन चालतील. झगझगीत चमकांचा त्रास होणाऱ्यांनी शेवटची पंचवीस-तीस मिनिटं जपून पाहावीत.